जुल्मातच्या पलीकडची माणसे

उर्दू शायरीची थोडीफार ओळख असलेल्या कुणालाही 'जुल्मात' हा शब्द नवा नाही. सिकंदर आबे हयातच्या शोधात निघाला, हजरत खिज्र वाटाड्या झाले, दोघे काळोखाच्या मुलखात शिरले, खिज्रना झरा सापडला आणि सिकंदर तहानलेलाच परतला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. निजामीने ती फारसीत अजरामर केली आणि तिथून ती आपल्या गजलांत, कव्वाल्यांत आणि आजीच्या गोष्टींत उतरली. पण हा काळोखाचा मुलूख निव्वळ कवींच्या कल्पनेतला नव्हता. अरबी भूगोलकारांच्या ग्रंथांत 'अर्द अल्-जुल्मा' नावाचा एक खराखुरा प्रदेश आहे. तिथे जायला किती दिवस लागतात, सोबत काय न्यावे आणि तिथून काय आणावे, हे सारे त्यांनी लिहून ठेवले आहे. आबे हयातच्या झऱ्याची आशा न धरता व्यापारी तिथे जात. त्यांना हवी असत कातडी: समूर, संजाब आणि काकुम.

हा मुलूख म्हणजे आजच्या रशियाचा उत्तर टोकाकडचा भाग. उरल पर्वताच्या दोन्ही अंगांनी उत्तर ध्रुवसागरापर्यंत पसरलेली, वृक्ष नसलेली, वर्षातले आठ-नऊ महिने बर्फाखाली असणारी जमीन. तिला टुंड्रा म्हणतात. वरचा हातभर थर उन्हाळ्यात वितळतो, त्याखालची माती हजारो वर्षे गोठलेलीच असते. पाणी मुरायला वाव नसल्याने उन्हाळ्यात सगळीकडे दलदल होते आणि डासांचे थवे उठतात. म्हणून इथला खरा प्रवास हिवाळ्यातला. नद्या गोठल्या की त्याच रस्ते होतात.

आपल्या पूर्वसूरींनी या मुलखाविषयी काय पाहिले, काय ऐकले आणि काय पाहायचे राहून गेले, याचा हा मागोवा.

बगदादहून बुल्गारला

हिजरी ३०९ च्या सफर महिन्यात, म्हणजे जून ९२१ मध्ये, अब्बासी खलिफा अल्-मुक्तदिर याचे एक शिष्टमंडळ बगदादहून निघाले. व्होल्गा नदीकाठच्या बुल्गार लोकांचा राजा अल्मिश याने इस्लाम स्वीकारला होता. दीन शिकवणारा माणूस पाठवा, मशीद बांधून द्या आणि शत्रूपासून बचावासाठी किल्ला बांधायला पैसे द्या, अशी त्याची विनंती होती. शिष्टमंडळात अहमद इब्न फदलान नावाचा एक गृहस्थ होता. बुखारा, ख्वारिज्म असे मुक्काम करत, गोठलेल्या गवताळ पठारांवरून जवळजवळ अकरा महिने चालून ही मंडळी मे ९२२ मध्ये बुल्गारला पोहोचली. किल्ल्यासाठी ठरलेले चार हजार दिनार मात्र वाटेत हाती आलेच नाहीत आणि त्यावरून राजाने इब्न फदलानची चांगलीच हजेरी घेतली. हे सारे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. आपली फजिती न लपवणारा हा लेखक म्हणूनच विश्वासार्ह वाटतो.

बुल्गार टुंड्रापासून बरेच दक्षिणेला, साधारण ५५ अक्षांशावर. तरीही बगदादच्या माणसाला तिथले आकाश परकेच वाटले. पहिल्याच रात्री त्याने आभाळात आगीसारखे लाल ढग पाहिले. त्यांत माणसे, घोडे, भाले, तलवारी एकमेकांवर चालून जाताना दिसल्या. तो आणि त्याचे साथी घाबरून दुवा मागू लागले आणि गावकरी त्यांना हसू लागले. राजाने सांगितले, आमचे वाडवडील म्हणत की हे जिन्न आहेत, त्यांच्यातले मोमिन आणि काफिर रोज संध्याकाळी लढतात. उत्तरेकडच्या ध्रुवीय प्रकाशाचे अरबीतील हे फार जुने वर्णन आहे.

दुसरा प्रसंग नमाजचा. राजाकडे कामाला असलेला बगदादचाच एक शिंपी इब्न फदलानच्या तंबूत गप्पा मारायला आला. इशाची अजान होईल म्हणून दोघे वाट पाहत बसले. थोड्या वेळाने अजान झाली, बाहेर येऊन पाहतात तर पहाट फुटलेली. 'ही कसली अजान दिलीस?' असे विचारल्यावर मुअज्जिन म्हणाला, फजरची. मग इशा? ती आम्ही मगरिबबरोबरच पढतो. आणि रात्र? रात्र ही एवढीच; याहून लहान होती, आता वाढायला लागली आहे. फजर हुकू नये म्हणून आपण महिनाभर रात्री झोपलोच नाही, असेही त्याने सांगितले.

मुअज्जिनच्या या उत्तरात एक मोठा प्रश्न दडला होता. इशाची वेळ सूर्यास्तानंतरचा संधिप्रकाश मावळल्यावर सुरू होते. बुल्गारच्या अक्षांशावर जूनमध्ये सूर्य क्षितिजाच्या फारसा खाली जातच नाही, त्यामुळे संधिप्रकाश पुरता मावळत नाही आणि तोच पुढे पहाटेच्या उजेडात मिसळतो. मग इशा फर्ज होते की नाही? हनफी फिकहमध्ये 'बुल्गारची इशा' हा शतकानुशतके चर्चेचा विषय राहिला. ग्रंथांत एक किस्सा येतो. ख्वारिज्मचे आलिम बक्काली यांचे म्हणणे होते, वेळच आली नाही तर नमाज फर्ज कशी? त्यांना भर मशिदीत विचारले गेले: पाचांतली एक नमाज कमी करणाऱ्याला तुम्ही काय म्हणाल? बक्कालींनी उलट विचारले: ज्याचे दोन्ही हात कोपरासकट तुटले आहेत, त्याच्या वजूचे फर्ज किती? उत्तर आले, तीन. बक्काली म्हणाले, नमाजचेही तसेच.

पंधराव्या शतकातील कैरोचे इब्न अल्-हुमाम यांना हे पटले नाही. खूण दिसली नाही म्हणून कर्तव्य संपत नाही, असे त्यांचे मत. दज्जालच्या काळातला एक दिवस वर्षाएवढा असेल, तेव्हा अंदाजाने वेळा ठरवून नमाजा अदा करा, या आशयाच्या हदीसचा त्यांनी आधार घेतला. शाफई पंथात जवळच्या ज्या गावी संधिप्रकाश मावळतो तिथली वेळ धरण्याची रीत सांगितली आहे. आपल्या कोकणातले बहुसंख्य मुसलमान शाफई, पण त्यांच्यावर हा प्रसंग कधी येत नाही. बुल्गारच्या वारसदार तातार मुसलमानांवर मात्र तो दर उन्हाळ्यात येई. त्यांच्यातले थोर आलिम शिहाबुद्दीन मर्जानी यांनी १८७० मध्ये कझानला याच विषयावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला आणि इशा तिथेही फर्जच आहे असे प्रतिपादन केले. दीन एका ठिकाणी, एका आभाळाखाली अवतरला. दुसऱ्या आभाळाखाली तो कसा पाळायचा याचा विचार माणसांनीच केला आणि भांडत, वाद घालत, एकमेकांचा आदर राखत केला. उत्तरेच्या मुलखाने इस्लामी विचाराला दिलेली ही देणगी म्हणावी लागेल.

ऐकलेला मुलूख

बुल्गारच्या पलीकडे काय आहे? इब्न फदलानला राजाने सांगितले, तीन महिन्यांच्या वाटेवर वीसू नावाचे लोक आहेत, त्यांची रात्र तासाभरापेक्षाही लहान असते. पुढच्या शतकात अल्-बिरुनीने, म्हणजे 'किताब-उल्-हिंद'मुळे आपल्याला परिचित असलेल्याच अल्-बिरुनीने, वीसूच्याही पलीकडच्या यूरा लोकांची नोंद केली. तिथे जाणारे लोक अन्नसामग्री लाकडी घसरगाड्यांवर लादतात, त्या स्वतः ओढतात किंवा कुत्र्यांकडून ओढवतात आणि पायांना हाडाच्या पट्ट्या बांधून बर्फावरून लांब अंतरे कापतात, असे तो लिहितो. वीसू म्हणजे वेप्स लोक आणि यूरा म्हणजे उरलच्या उत्तरेकडील युग्रा प्रदेशातले, आजच्या खांती-मान्सींचे पूर्वज, असे अभ्यासक बहुधा मानतात. त्यांच्याही उत्तरेला, थेट सागरकिनाऱ्याच्या टुंड्रात, नेनेत्स लोक.

यांतल्या लेखकांत सर्वांत जवळून पाहणारा होता ग्रॅनाडाचा अबू हामिद. १०८० मध्ये अंदलुसमध्ये जन्मलेला हा माणूस ११३१ च्या सुमारास व्होल्गाच्या मुखाशी येऊन राहिला आणि पुढे बुल्गारलाही गेला. बर्फावर चालण्याच्या लाकडी फळ्यांचे त्याने केलेले वर्णन एखाद्या सुताराला पुरेल इतके नेमके आहे. फळी पुरुषभर लांब, वीतभर रुंद, पुढची-मागची टोके जमिनीपासून वर उचललेली. मधोमध पाय ठेवायला जागा आणि चामड्याचे पट्टे. हातात लांब काठी. नावाडी वल्हे मारतो तशी ती काठी बर्फात रोवत माणूस वाऱ्यासारखा निघतो. या फळ्या नसत्या तर तिथे कुणी चालूच शकले नसते, असे तो म्हणतो.

याच अबू हामिदच्या लेखनात एक ओळभर मजकूर आहे, जो वाचताना थबकायला होते. बुल्गारच्या थंडीविषयी लिहिताना तो सांगतो की जमीन लोखंडासारखी होते, कबर खणता येत नाही. हिवाळ्याच्या अखेरीस तिथे त्याचे एक मूल वारले. त्याला दफन करता येईना. तीन महिने मय्यत घरातच राहिली, मग माती मऊ झाली. शक्य तितक्या लवकर दफन करावे हे आपण जाणतो. त्या बापाने ते तीन महिने कसे काढले असतील, याविषयी त्याने काहीही लिहिलेले नाही.

मुका बाजार

चौदाव्या शतकातला इब्न बतूता आपल्याकडे जास्त परिचित आहे. दौलताबाद आणि नंदुरबारच्या मराठ्यांविषयी लिहिणारा तोच हा प्रवासी. हिंदुस्थानात येण्याआधी तो सुवर्ण टोळीचा सुलतान उझबेग खान याच्या छावणीत होता. तिथून आपण बुल्गारला गेलो, असे तो म्हणतो. दिलेल्या दिवसांत हा प्रवास शक्य नव्हता, म्हणून अनेक इतिहासकारांना त्याबद्दल शंका आहे. काळोखाच्या मुलखात मात्र आपण गेलो नाही, हे तो स्वतःच कबूल करतो: वाट चाळीस दिवसांची, खर्च फार, लाभ थोडा. तेव्हा पुढची हकिकत ऐकीव आहे हे धरूनच ती वाचायला हवी.

तिथे जायचे ते मोठ्या कुत्र्यांनी ओढलेल्या लहान गाड्यांतून. बर्फावर माणसाचा पाय किंवा जनावराचा खूर ठरत नाही, कुत्र्यांच्या नख्या ठरतात. शंभर-शंभर गाड्या बाळगणारे श्रीमंत व्यापारीच हा प्रवास करू शकतात, कारण अन्न, पाणी आणि सरपण सारे सोबत न्यावे लागते. वाटेत ना झाड, ना दगड, ना वस्ती. वाटाड्या असतो तो अनेकदा जाऊन आलेला एक कुत्रा. त्याची किंमत हजार दिनारांपर्यंत जाते. मालक त्याला मारत नाही, रागावत नाही. जेवण तयार झाले की आधी कुत्र्यांना, मग माणसांना. नाहीतर तो रुसून निघून जातो आणि मालकाला मरणाच्या दारात सोडतो.

चाळीस मुक्कामांनंतर व्यापारी आपला माल एका जागी मांडतात आणि मागे सरतात. दुसऱ्या दिवशी येऊन पाहतात तर त्यांच्या मालाशेजारी समूर, संजाब आणि काकुमची कातडी ठेवलेली असतात. सौदा पटला तर ती उचलायची. नाही पटला तर तशीच ठेवायची. मग पलीकडचे लोक आणखी कातडी ठेवतात किंवा आपली उचलून नेतात. कोण ठेवते, कोण नेते, हे कुणालाच दिसत नाही. आपण व्यवहार करतो ते जिन्नांशी की माणसांशी, हे व्यापाऱ्यांना ठाऊक नसते, असे इब्न बतूता लिहितो. आणि लगेच भाव सांगतो: काकुमच्या पोस्तीनची किंमत हिंदुस्थानात एक हजार दिनार, समूरची साधारण चारशे. म्हणजे मुहम्मद तुघलकाच्या दिल्लीत एखादा अमीर जे पांढरेशुभ्र अंगरखे मिरवत होता, त्यांचा धागा थेट या मुक्या बाजाराशी जोडलेला होता.

या हकिकतीतले तपशील तपासून पाहिले तर बरेच खरे उतरतात. सरपण सोबत नेणे म्हणजे वाट वृक्षहीन टुंड्राची. ओब नदीच्या खालच्या अंगाला, आजच्या सालेखार्द शहराजवळ, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत कुत्र्यांचे अवशेष मोठ्या संख्येने मिळाले आहेत. उरल आणि ओबच्या परिसरात इराण-मध्य आशियातली चांदीची भांडी सापडली आहेत. तिथल्या लोकांनी ती आपल्या देवस्थानांत जपली होती. रशियाच्या उत्तर भागात सामानी दिरहमांचे साठे निघाले आहेत. अल्लाहचे नाव कोरलेली समरकंदची नाणी आणि तिथली कातडी यांची अदलाबदल खरीच होत होती. आणि 'काळोख'? प्रवास हिवाळ्यातच शक्य, आणि ध्रुववृत्ताच्या पलीकडे भर हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही. व्यापारी जेव्हा जेव्हा गेले तेव्हा त्यांना काळोखच भेटला. उन्हाळ्यात तिथे मध्यरात्रीही ऊन असते, ते पाहायला कुणी थांबले नाही.

मग ती माणसे समोर का येत नसत? सशस्त्र परक्यांपासून चार पावले दूर राहण्यात शहाणपण होते, हे एक कारण संभवते. दुसरेही आहे. बुल्गारचे दलाल या व्यापारावर जगत होते. पलीकडे जिन्न आहेत ही समजूत जितकी घट्ट, तितके नवे व्यापारी परस्पर जाण्याची शक्यता कमी. काळोखाचे गूढ वाढवण्यात कुणाचा तरी फायदा होता.

काळोखातली माणसे

पलीकडे जिन्न नव्हते. नेनेत्स लोक स्वतःला ज्या शब्दाने ओळखतात त्याचा अर्थच 'माणूस' असा आहे. यामाल द्वीपकल्पावर त्यांची कुटुंबे आजही रेनडिअरांच्या कळपांसोबत फिरतात. 'यामाल' म्हणजे त्यांच्या भाषेत भूमीचे टोक. हिवाळ्यात दक्षिणेकडच्या जंगलाच्या कडेला, वसंतात गोठलेल्या ओबच्या मुखावरून उत्तरेकडे, उन्हाळ्यात सागराजवळ, जिथे वाऱ्यामुळे डास कमी. काही कुटुंबांची वर्षाची चाल हजार किलोमीटरच्या पुढे जाते. लांब वाशांचा शंकूसारखा तंबू, वर रेनडिअरच्या कातड्यांचे आवरण. तो उभारणे हे बायकांचे काम आणि त्यांचाच अधिकार. घसरगाड्यांची लांब रांग निघते, तेव्हा कुठली गाडी कशाची आणि कोणाची हे ठरलेले असते. रेनडिअर खातो ते शेवाळासारखे दगडफूल वाढायला अनेक वर्षे लागतात. म्हणून एका जागी फार दिवस राहायचे नाही. त्यांची भटकंती हा जमिनीचा हिशेब आहे.

अर्थात हे जीवनही अनादि काळापासून असेच होते, असे नाही. मोठे कळप पाळण्याची रीत अठराव्या शतकाच्या सुमारास वाढली. त्याआधी थोडे पाळीव रेनडिअर ओझ्यासाठी आणि बाकी शिकार रानटी कळपांची. या बदलामागे रशियन सत्तेचा दाब आणि घटलेली शिकार ही कारणे सांगितली जातात.

ही सत्ता आली तीही कातड्यांच्याच मागे. १५८२ मध्ये येर्माक या कोसॅक सरदाराने सिबिरच्या खानाची राजधानी घेतली. तो खान, कुचुम, मुसलमान होता आणि त्याच राज्याच्या नावावरून सगळ्या मुलखाला सायबेरिया म्हणतात. १५९८ मध्ये कुचुमचा अखेरचा पराभव झाला. त्याआधीच १५९५ मध्ये ओबकाठी ओब्दोर्स्कचा किल्ला उभा राहिला होता. तेच आजचे सालेखार्द. १६०१ मध्ये ताझ नदीवर मंगाझेया हे कातड्यांच्या व्यापाराचे शहर वसले आणि प्राणी संपत आले, व्यापाराची वाट बदलली, तसे १६७२ मध्ये ओसाड पडले. मुका बाजार संपला. आता कातडी ठरलेल्या संख्येने 'यासाक' म्हणून भरायची होती, आणि ती वेळेवर यावीत म्हणून ओलीस धरले जात. बुल्गारच्या व्यापाऱ्याचा सौदा न पटल्यास माल उचलून नेण्याची मुभा होती, ती यासाकमध्ये नव्हती.

विसाव्या शतकात सोव्हिएत राजवटीने कळप सामुदायिक केले, शामानांना संपवले आणि मुलांना वसतिगृहाच्या शाळांत नेले. १९३४ आणि १९४३ मध्ये यामालच्या नेनेत्सांनी उठाव केले; ते मोडून काढले गेले. नोवाया झेम्ल्या बेटांवरची नेनेत्स कुटुंबे अणुचाचण्यांसाठी हलवली गेली आणि ३० ऑक्टोबर १९६१ रोजी तिथे आजवरचा सर्वांत मोठा अणुस्फोट झाला. २०१२ मध्ये यामालवरचे बोवानेन्कोवो वायुक्षेत्र सुरू झाले. नळ आणि रेल्वे कळपांच्या वाटांना छेदून गेली. नोव्हेंबर २०१३ मध्ये बर्फावर पाऊस पडला आणि वर काचेसारखा थर गोठला. खालचे खाद्य खुरांनी उकरता येईना आणि त्या हिवाळ्यात सुमारे ६१ हजार रेनडिअर मेले. २०१६ च्या असाधारण उन्हाळ्यात जमीन खोलवर वितळली आणि काळपुळीची साथ आली. ज्यांनी हवामान बिघडवले नाही, त्यांच्या पायाखालची जमीन आधी सुटते आहे.

२०१० च्या जनगणनेत नेनेत्सांची संख्या सुमारे ४४ हजार ६०० होती. एवढ्याशा समाजात लेखकही झाले. १९५२ मध्ये जन्मलेल्या आन्ना नेर्कागी यांना लहानपणीच वसतिगृहात नेले गेले. १९७७ मध्ये त्यांची 'आनिको' ही कादंबरिका आली: शिकून शहरातली झालेली मुलगी आईच्या मृत्यूनंतर तंबूतल्या बापासमोर येते आणि दोघांना एकमेकांची भाषा सापडत नाही. लेखिका म्हणून नाव झाल्यावर नेर्कागी टुंड्रात परतल्या. त्या रशियनमध्ये लिहितात. राज्यकर्त्यांच्या भाषेत, पण आपल्या तंबूतून. मुक्या बाजाराच्या पलीकडून आलेला हा आवाज ऐकायला जगाला हजार वर्षे लागली.

मशिदी मात्र आज टुंड्रात आहेत. नोरिल्स्क या खाणींच्या शहरात, ६९ अक्षांशावर, १९९८ मध्ये मशीद उभी राहिली. २०१० मध्ये कॅनडातल्या इनुविकला तर विनिपेगमध्ये बांधलेली आख्खी मशीद ट्रक आणि तराफ्यावरून सुमारे चार हजार किलोमीटर नेण्यात आली. तिथल्या नमाजींसमोर बुल्गारच्या मुअज्जिनचाच प्रश्न आहे आणि उत्तरेही तीच: कुणी जवळच्या शहराची वेळ धरतो, कुणी मक्केची.

इब्न फदलानचा वृत्तान्त शतकानुशतके पुरता मिळत नव्हता. १९२३ मध्ये मशहदच्या ग्रंथालयात त्याचे हस्तलिखित सापडले. ते शोधणारे जकी वलीदी तोगान स्वतः उरलच्या पायथ्याचे बश्कीर मुसलमान, मायभूमीतून परागंदा झालेले विद्वान. उत्तरेच्या माणसाने उत्तरेचा इतिहास इराणच्या एका कपाटातून बाहेर काढला. त्या पानांचे ऋण मोठे आहे. लेखक जे पाहिले ते आणि जे ऐकले ते वेगळे ठेवतात, हा त्यांचा प्रामाणिकपणाही मोठा. तरी एक गोष्ट नोंदवायला हवी. त्यांनी काकुमच्या शेपटीचे वर्णन केले, कुत्र्याचा भाव सांगितला, पोस्तीनची दिल्लीतली किंमत लिहिली. कातडी आणून ठेवणाऱ्या हातांचे नाव मात्र एकाही पानावर नाही. बाजारात माल ओळखीचा झाला म्हणजे माणूस ओळखीचा झाला, असे होत नाही. आपल्या अंगावरच्या सुतापासून घरातल्या गॅसपर्यंत कितीतरी गोष्टी आजही अशाच मुक्या बाजारातून येतात. पलीकडे कोण आहे, हे विचारायला चाळीस दिवसांची वाट आता आडवी येत नाही.